खंडाचा कागद

भगिनींनो, आपले मंडळ मसाले-पापडाच्या विक्रीसाठी बाजारात गाळा भाड्याने घेण्याच्या विचारात आहे. बैठकीत भाड्याविषयी पुष्कळ बोलणे झाले. कराराच्या कागदाविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. म्हणून वर्धापनदिनाच्या या अंकात आपल्याच जिल्ह्याचा थोडा इतिहास सांगते.

माझे माहेर श्रीरामपूर तालुक्यातले. तिकडे ‘खंडकरी’ हा शब्द घरोघर ठाऊक आहे. कालव्यांचे पाणी आले, तसे त्या भागात खासगी साखर कारखाने निघाले. हरेगावची बेलापूर कंपनी त्यांतलीच. उसाला सलग रान हवे, म्हणून कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी लांब मुदतीच्या खंडाने घेतल्या. एकीकडे पैसा व वकील बाळगणारी कंपनी, दुसरीकडे अंगठा उठविणारा एकटा शेतकरी. तेथे घासाघीस ती काय होणार!

पुढे १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला. कारखान्यांकडील जादा जमीन सरकारजमा झाली व ती कसण्यासाठी १९६३ साली शेती महामंडळ निघाले. शेतकऱ्याने जमीन विकली नव्हती, तरी ती त्याच्या हाती आली नाही. कॉम्रेड माधवराव गायकवाड यांच्यासारख्यांनी हा लढा वर्षानुवर्षे चालविला. अखेर कायद्यात दुरुस्ती होऊन २०१२ च्या सुमारास जमिनी परत मिळू लागल्या. तोवर अंगठा देणारे केव्हाच निघून गेले होते. सातबारा नातवंडा-पतवंडांच्या हाती पडला.

याच जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली सहकारी कारखाना सुरू झाला. तेथे ऊस कारखान्याला गेला, जमीन मात्र शेतकऱ्याचीच राहिली. एकट्याला जे साधले नाही, ते सर्वांनी मिळून साधले.

आपण गाळा घेणाऱ्या आहोत, देणाऱ्या नव्हे. पण बोध तोच. मुदत किती, भाडे केव्हा व किती वाढणार, अनामत कधी परत मिळणार, दुरुस्ती कोणी करायची, मुदतीआधी गाळा सोडावा लागला तर काय, हे सारे लिहून घ्यावे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी व नोंदलेला असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. ‘आपण ओळखीचेच आहोत, कागद कशाला?’ असे कोणी गोडीने म्हणाले, तरी आपणही गोडीनेच नोंदणीचा आग्रह धरावा.

सहीपूर्वी तो कागद बैठकीत मोठ्याने वाचावा. ज्या बाईला एखादे कलम कळणार नाही, तिने निःसंकोच विचारावे. आपल्या आज्यांना ती संधी मिळाली नव्हती, आपल्याला आहे.