कोळशाचा दावा

पोलंड म्हटले की कोल्हापूरकरांना वळिवड्याची छावणी आठवते. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे ५००० पोलिश निर्वासित तेथे राहून गेले. त्याच पोलंडची एक अलीकडची हकीकत आज सांगतो. ती आहे कोळशाची. पण तिच्यातला प्रश्न जुनाच आहे. घरात हुकूम कोणाचा चालावा?

१ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात सामील झाला, तेव्हा त्याच्या दहा दिव्यांपैकी नऊ दिवे कोळशावर जळत होते. सिलेशियात पिढ्यान्‌पिढ्या खाणीवर चुली पेटत आलेल्या. पुढच्याच जानेवारीत संघाने एक नवा बाजार मांडला. वीजकेंद्राने वा कारखान्याने जितके टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडावे, तितके परवाने सरकारात भरावे. कमी पडले तर विकत घ्यावे, उरले तर विकावे. परवाने किती वाटायचे याचा आराखडा प्रत्येक देशाने करायचा आणि ब्रुसेल्सच्या आयोगाकडून मंजूर करून घ्यायचा.

२००८ ते २०१२ या काळासाठी पोलंडने दरसाल २८ कोटी ४६ लाख टन मागितले. मार्च २००७ मध्ये आयोगाने २० कोटी ८५ लाखांवर रेघ ओढली. पोलंडने दावा लावला. सप्टेंबर २००९ मध्ये संघाच्याच न्यायालयाने पोलंडच्या बाजूने कौल दिला: आराखडा तपासावा हा आयोगाचा अधिकार, स्वतःचा आकडा देशावर लादावा, हा नव्हे.

मी कादंबरी लिहीत असतो तर येथेच पडदा पाडला असता. इतिहासाला ती सवलत नसते. पोलंडने नवा आराखडा केला, एप्रिल २०१० मध्ये आयोगाने तो मान्यही केला. आणि त्यातला आकडा होता तोच, २० कोटी ८५ लाख! त्याआधीच, डिसेंबर २००८ मध्ये, सर्व देशांच्या प्रमुखांनी ठरवले होते की २०१३ पासून देशागणिक आराखडे बंद, साऱ्या संघाची मर्यादा एकच. त्यांत पोलंडही होता. ज्या अधिकारासाठी तो कोर्टात भांडत होता, तो त्याने वाटाघाटीत सोडून दिला होता. मोबदल्यात जुन्या वीजकेंद्रांना सुधारणेसाठी काही वर्षे फुकट परवाने मिळाले.

वरचा नियम देशाच्या घरात शिरतो तो बहुधा असा, त्या देशाच्याच सहीने. मग तो बाजारभावात दिसू लागतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये परवान्याचा भाव टनाला १०० युरोंवर गेला. २०२४ साली पोलंडच्या विजेतला कोळशाचा वाटा साठ टक्क्यांच्या आत आला होता.

पण ब्रुसेल्सने ठरवली ती धुराची मर्यादा. कोणती खाण केव्हा मिटावी आणि खाली उतरणाऱ्या माणसाच्या पोटाचे काय, हे तेथे ठरले नाही. त्यासाठी मे २०२१ मध्ये कातोवित्से येथे सरकार आणि कामगार संघटना समोरासमोर बसल्या, आणि वीजकेंद्रांना दगडी कोळसा पुरवणाऱ्या खाणी २०४९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या करारावर दोघांनी सह्या केल्या.