लॉग गेले कुठे?

अ‍ॅप नीट चालतंय, एरर कुठेच नाही, पण लॉगची फाइल रिकामी. जावावर काम करणाऱ्याला हे दुखणं नवं नाही. मला मात्र त्याचा इतिहास जास्त रंजक वाटतो, कारण लॉगिंगची बहुतेक भांडणं कोडची नसून कन्फिगची आहेत, आणि ती चाळीस वर्षं जुनी आहेत.

१९८०च्या दशकात बर्कलीत एरिक ऑलमन सेंडमेल हा मेल पोचवणारा प्रोग्राम लिहीत होता. त्याच कामातून सिसलॉग निघालं. कल्पना साधी: प्रोग्रामने फक्त सांगायचं, नोंद कुठे ठेवायची ते दुसरं कुणीतरी ठरवेल. ते ठरवणारी एक छोटी कन्फिग फाइल. डावीकडे नोंद कुणाची आणि किती गंभीर, उजवीकडे ती कुठे जाणार. मधे टॅब. स्पेस दिली तर जुन्या युनिक्सवर ती ओळ सरळ दुर्लक्षित व्हायची, तक्रारही नाही. (ज्याने हे शोधायला रात्र घालवली असेल त्याला माझा दंडवत.) २००९च्या आरएफसी ५४२४ मध्येही ‘कुणाची’ या यादीत लाइन प्रिंटर, यूजनेट आणि यूयूसीपी आपापले नंबर राखून बसलेले आहेत.

जावाकडे हीच कल्पना लॉगफोरजेने आणली. मूळ १९९६चं, युरोपीय संघाच्या सेम्पर प्रकल्पातलं. पुढे जेकी ग्युल्ज्यू यांच्या हातून २००१मध्ये पहिली आवृत्ती आली. लोकांनी ती उचलली. तरी २००२मध्ये सनने जावा १.४ सोबत स्वतःचं वेगळंच लॉगिंग दिलं. मग लायब्ररी लिहिणाऱ्यांनी कुणाची बाजू घ्यायची? म्हणून कॉमन्स लॉगिंग आलं. ते चालू अ‍ॅपमध्ये डोकावून कोणती लायब्ररी हजर आहे याचा अंदाज बांधायचं, आणि अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच्या क्लासलोडरांच्या गर्दीत तो अंदाज चुकायचा. ग्युल्ज्यूंनीच मग एसएलएफफोरजे आणि लॉगबॅक काढलं. अंदाज बंद, क्लासपाथवर एकच जोडणीची जार ठेवा. पण जुन्यासाठी पूल हवेत. दोन पूल समोरासमोर आले की नोंद इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहते आणि स्टॅक फुटतो.

एका प्रोजेक्टवर मी असाच रिकामा लॉग शोधत होतो, तेव्हा हे चारही थर एकाच फोल्डरमध्ये सापडले. कुणी काढले नव्हते, कारण काढल्यावर काय मोडेल याची खात्री कुणालाच नव्हती.

या संकोचाची किंमत डिसेंबर २०२१मध्ये कळली. लॉगफोरजे २च्या कन्फिगमध्ये डॉलर आणि महिरपी कंसात नाव लिहिलं की त्याजागी खरी किंमत येते, सोय चांगलीच. पण ती कन्फिगपुरती न राहता नोंदीच्या मजकुरालाही लागू होती, आणि त्यात २०१३पासून जेएनडीआयचा पर्यायही होता. म्हणजे माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये कुणी परक्या सर्व्हरचा पत्ता त्या रूपात टाकला, की लॉग लिहिणारा सर्व्हर तिथे जाऊन कोड आणून चालवू शके. गंभीरतेला दहापैकी दहा गुण मिळाले. पहिला उपाय एक कन्फिगची सेटिंग होती. काही दिवसांत ती अपुरी ठरली. मग जारमधून तो क्लासच उपटून काढा असं सांगण्यात आलं. आठ-दहा दिवसांत २.१५, २.१६, २.१७ अशा आवृत्त्या आल्या. त्या काढणारे बहुतेक जण नोकरी सांभाळून फुकट काम करत होते, आणि जगभरच्या कंपन्या त्यांच्यावर चिडल्या होत्या. मला तो राग कधी पटला नाही.

गंमत म्हणजे जुनं लॉगफोरजे १ वापरणारे त्या भगदाडातून वाचले. त्याची देखभाल २०१५मध्येच संपली होती.

त्यामुळे लॉग रिकामा दिसला की मी आधी एक्सएमएल उघडत नाही. मेव्हनला डिपेंडन्सीचं झाड छापायला सांगतो आणि कोणत्या सालच्या किती जार एकमेकींच्या उरावर बसल्यात ते मोजतो.