ओठांवरचे बोट

प्रतीकाचा अर्थ एकदा ठरला की तो कायमचा, असे आपण वर्गात नकळत शिकवत असतो. अठराव्या शतकातील फ्रेंच मुद्राचित्रे या समजाला छेद देतात.

फ्रागोनारने 'झोका' हे तैलचित्र १७६७च्या सुमारास एका गृहस्थाच्या खासगी मागणीवरून रंगविले. झोक्यावरील तरुणी पायातला जोडा भिरकावते, झुडपात दडलेला प्रियकर तिला न्याहाळतो आणि मागे सावलीत एक वयस्क पुरुष दोर ओढत असतो. निष्ठेचे प्रतीक मानला जाणारा कुत्रा भुंकतो आहे. पण फाल्कोनेच्या १७५७च्या शिल्पावरून घेतलेला मदन ओठांवर बोट ठेवून सांगतो, 'गप्प!'

१७८२ मध्ये निकोला द लोने याने हेच दृश्य तांब्याच्या पत्र्यावर कोरले आणि त्याचे कागदी ठसे विक्रीस आले. दोनच वर्षांनी मोरिस ब्लो याने फ्रागोनारच्याच 'कडी' या चित्राचे मुद्राचित्र केले. प्रेमिकांच्या खोलीचे बंद होणारे दारही असे बाजारात आले.

मदनाचे बोट ओठांवरून हलले नाही. पण मूळ चित्रात गुपित राखणारी ती खूण छापील प्रतीत प्रत्येक खरेदीदाराला गुपितात सामील करून घेऊ लागली. प्रतीकाचा अर्थ आशयाइतकाच माध्यमही घडविते, तो असा.