वेबसाईटचा सातबारा

परवा सांगलीहून भाचीचा फोन आला. तिचा घरगुती मसाल्यांचा छोटासा व्यवसाय आहे. चार वर्षांपूर्वी एकाने तिला स्वस्तात वेबसाईट करून दिली होती, ती अचानक दिसेनाशी झाली. करून देणाऱ्याचा फोन लागत नाही. चौकशीअंती कळलं की वेबसाईटचं नाव, म्हणजे डोमेन, त्याने स्वतःच्याच नावावर घेतलं होतं आणि यंदाची फी भरलीच नव्हती. "मामा, दोन हजार पिशव्यांवर तो पत्ता छापलाय हो!" ती रडवेली झाली होती.

मी पडलो इतिहासाचा मास्तर. कुठलीही अडचण आली की आधी मागे वळून बघायची खोड.

मंडळी, वेबसाईट मुळात स्वस्त झाली ती काही लोकांच्या उदारपणामुळे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत वेब घडवलं आणि ३० एप्रिल १९९३ रोजी संस्थेने ते तंत्र सर्वांना विनामूल्य खुलं केलं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याच वर्षी सप्टेंबरपासून अमेरिकेत '.कॉम' नावासाठी दोन वर्षांचे १०० डॉलर मोजावे लागू लागले, कारण विकणारी कंपनी एकच होती. १९९९ पासून इतर कंपन्याही या विक्रीत उतरल्या आणि दर घसरले. २००५ मध्ये '.इन' नावं सर्वांना सहज मिळू लागली. २०१४ मध्ये '.भारत' आलं, तेही देवनागरीत.

दुसरा खर्च कारागिराचा. पूर्वी हळदीचा भाव बदलायचा तरी जाणकाराला बोलवावं लागे. २००३ मध्ये मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी 'वर्डप्रेस' फुकट उपलब्ध केलं. आता एकदा मांडणी करून घेतली की पुढचे बदल दुकानदार स्वतः करू शकतो. स्वस्तात वेबसाईट करून देणाऱ्यांचा धंदा बराचसा अशाच फुकट मिळालेल्या पायावर उभा आहे. त्यात गैर काही नाही.

पण याच इतिहासाला दुसरी बाजू आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या 'जिओसिटीज'ने लोकांना फुकट जागा दिली. तिथे विषयवार वस्त्या होत्या, त्यातली 'युरेका' छोट्या व्यावसायिकांची. १९९९ मध्ये याहूने ती कंपनी विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतली सेवा बंद केली. लाखो पानं गेली. काही हौशी मंडळींनी धावपळ करून जमतील तेवढी वाचवली. पुढे २०१७ मध्ये गूगलने छोट्या दुकानांना फुकट वेबसाईट बनवायची सोय दिली, तीही मार्च २०२४ मध्ये बंद झाली. दोन्ही वेळा घर आपण सजवलं होतं, जमीन मात्र दुसऱ्याची होती.

आपल्या आजोबा-पणजोबांना हे वेगळं सांगावं लागलं नसतं. शेत कोणीही नांगरो, सातबाऱ्यावर नाव कोणाचं, हे ते आधी बघत. वेबसाईटचा सातबारा म्हणजे डोमेन. वर्षाला काही शेकड्यांपासून हजार-दीड हजारापर्यंतचा हा खर्च. नेमका तोच आपण 'तुम्हीच बघा' म्हणून दुसऱ्यावर सोपवतो.

जुनं नाव परत मिळेल याचा भरवसा नव्हता, म्हणून भाचीने नवं घेतलं. यावेळी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, स्वतः पैसे भरून. फी भरायची तारीख कालनिर्णयवर लिहिली. फोटो आणि मजकुराची एक प्रत घरच्या संगणकात ठेवली. बाकीचं काम तिने पुन्हा एका स्वस्त कारागिरालाच दिलं, आणि ते योग्यच केलं.

पिशव्यांवर सध्या नव्या पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवणं चालू आहे. दोन हजार! सुट्टीत आलेली नातवंडं कामाला लागली आहेत.

असो. तुमच्यापैकी ज्यांची दुकानं, क्लास, खानावळी आहेत, त्यांनी आज एवढंच करा. आपल्या वेबसाईटचं नाव कोणाच्या नावावर आहे, ते बघून घ्या.