स्टॅनफर्डचा बँड एवढा बदनाम का?

अमेरिकेतल्या विद्यापीठांचे बँड म्हटले की कडक गणवेश, पट्टीने आखल्यासारख्या रांगा आणि फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरातलं शिस्तबद्ध संचलन डोळ्यांसमोर येतं. (हा फुटबॉल अमेरिकी, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याचा.) कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा बँड मात्र संचलन करतच नाही. वादक मैदानभर वाट्टेल तसे पळतात, एखादी आकृती तयार करतात, रॉक गाणी वाजवतात आणि निवेदक माइकवरून कुणाची तरी टर उडवतो.

१८९३ साली सुरू झालेला हा बँड आधी चारचौघांसारखाच होता. १९६३ मध्ये संचालकांना जावं लागलं, म्हणून वादकांनी संप केला. नवे संचालक आर्थर बार्न्स यांनी कारभार विद्यार्थ्यांच्या हाती सोपवला आणि वात्रटपणाला मोकळं रान मिळालं.

त्याचं एक फळ म्हणजे 'ट्री'. मूळ अमेरिकी विद्यार्थ्यांच्या विरोधानंतर विद्यापीठाने १९७२ मध्ये 'इंडियन' हे बोधचिन्ह सोडलं. पुढे १९७५ मध्ये बँडने थट्टेखातर झाड नाचवलं. आज हे वेडंविद्रं झाड जगभर स्टॅनफर्डची ओळख आहे. कागदोपत्री मात्र ते फक्त बँडचं!

२० नोव्हेंबर १९८२ चा घोळ तर अजरामर झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संघाविरुद्ध स्टॅनफर्ड २०-१९ ने पुढे होतं, चार सेकंद उरले होते. सामना संपला असं समजून बँड मैदानात घुसला. बर्कलीचे खेळाडू मात्र चेंडू एकमेकांकडे फेकत पळतच होते. शेवटी केविन मोएन वादकांच्या गर्दीतून धावत सीमारेषेपार गेला आणि थेट गॅरी टायरेल या ट्रॉम्बोनवादकावर आदळला. निकाल : २५-२० ने हार.

इथवर हसू बँडचंच झालं. खरे वाद दुसऱ्याच्या घरी जाऊन केलेल्या विनोदांचे. १९९० मध्ये ओरेगन संघाविरुद्धच्या सामन्यात बँडने जंगलतोडीमुळे संकटात आलेल्या ठिपकेवाल्या घुबडाचा विषय घेतला. लाकूडतोड हा तिथे अनेकांच्या पोटाचा प्रश्न, प्रेक्षक भडकले. १९९१ मध्ये नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठात बँडप्रमुख ननच्या वेशात, हातात क्रूस घेऊन उभा राहिला. नोत्र दामने बँडला दारं बंद केली.

१९९७ मध्ये त्याच नोत्र दामविरुद्ध, या वेळी घरच्या मैदानावर, आयर्लंडच्या दुष्काळाची खिल्ली उडवली गेली. एकोणिसाव्या शतकातल्या त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली होती. घुबडाच्या विनोदामागे निदान काही म्हणणं होतं. इथे उपाशी मेलेल्यांवर हसण्यापलीकडे काहीच नव्हतं. विद्यापीठाचे अध्यक्ष गेरहार्ड कॅस्पर यांना माफी मागावी लागली. २००४ मध्ये मॉर्मन पंथाच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्ध बहुपत्नीत्वावर विनोद झाला. पुन्हा माफी.

गंमत म्हणजे, बँडचं अस्तित्व खऱ्या अर्थाने धोक्यात आलं ते विनोदामुळे नव्हे. दारू, नवख्यांची रॅगिंगसारखी छळणूक आणि आधीच्या निर्बंधांचं उल्लंघन यांमुळे डिसेंबर २०१६ मध्ये विद्यापीठाने त्याला निलंबित केलं. जानेवारी २०१७ मध्ये निलंबन मागे घेतलं गेलं, पण देखरेखीच्या अटींवर. त्यानंतर झाड पुन्हा नाचू लागलं.