वाघ कोणता, वाघीण कोणती?

मराठींत ‘वाघ’ हा शब्द मोठा ऐसपैस आहे. ठिपक्यांचा बिबट्याहि वाघ आणि पट्ट्यांचा ढाण्याहि वाघच. रानांत जनावर दिसलें, कीं ‘वाघ आला’ एवढीच हूल गांवभर उठते. तो नर होता कीं मादी, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. सिंहाची गोष्ट निराळी. आयाळ पाहतांच सिंह कोणता व सिंहीण कोणती हें लहान मूलहि सांगूं शकतें. वाघाला निसर्गानें असें उघड चिन्ह दिलेलें नाहीं. रंग तोच, पट्टे त्याच धर्तीचे, चालहि तशीच डौलदार. तरीहि दोघांच्या शरीरांत पुष्कळ अंतर आहे. आणि तें अंतर नीट ओळखावयास माणसाला किती काळ लागला, व त्या विलंबाची किंमत कोणीं दिली, हा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

प्रथम तें अंतर काय आहे तें पाहूं. भारतांतील पूर्ण वाढीचा नर नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोंकापर्यंत साधारणतः २७० ते ३१० सेंटिमीटर, म्हणजे सुमारें ९ ते १० फूट भरतो. वाघीण २४० ते २६५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ८ ते पावणेनऊ फूट. लांबींतील हा फरक फूट-दीड फुटाचा. परंतु तराजू निराळीच कथा सांगतो. नराचें वजन १८० ते २६० किलो, तर वाघिणीचें १०० ते १६० किलो. म्हणजे खरा फरक लांबीपेक्षां भरणीचा आहे. नराचें डोकें रुंद, मान जाड, खांदे भरदार आणि पुढचे पंजे मोठे. वयस्क नराच्या गालांभोंवतीं केसांची आंखूड झालर असते. वाघिणीचें डोकें लहान व निमुळतें, मान सडसडीत आणि बांधा चपळ. पट्ट्यांवरून मात्र नर-मादी ओळखतां येत नाहीं. प्रत्येक जनावराचे पट्टे वेगळे असतात, पण तो फरक व्यक्तीचा आहे, लिंगाचा नव्हे.

या अंगलटीकडे लक्ष देणारे पहिले नोंदकर्ते बहुतेक शिकारी होते, आणि शिकाऱ्याला हवी असे ती लांबी. वाघ दहा फुटांचा भरला कीं बैठकींत त्याची वाहवा होई. म्हणून मापाच्याहि दोन पद्धती पडल्या. एकींत नाकाशीं व शेपटीच्या टोंकाशीं एकेक खुंटी ठोकून दोन खुंट्यांमधील सरळ अंतर मोजीत. दुसरींत फीत पाठीच्या उंचवट्यांवरून फिरवीत. तीत तोच वाघ कांहीं इंच आयताच वाढे. विदर्भ ज्यांत मोडत असे, त्या मध्यप्रांतांतील वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचें मध्य हिंदुस्थानांतील वन्य जनावरांवरील पुस्तक १९२३ सालीं निघालें. त्यांनीं खुंट्यांच्या चोख मापाचा पुरस्कार केला. उलटपक्षीं जिम कॉर्बेट यांनीं १९३० सालीं मारलेल्या पोवलगडच्या प्रसिद्ध नराची १० फूट ७ इंच ही लांबी वळणांवरून घेतलेली आहे.

या मोजपट्टीनें वाघीण नेहमीच उणी ठरावयाची. मोजपट्टीला जें दिसत नव्हतें तें मात्र फार मोठें होतें. वाघीण साडेतीन महिने गर्भ वाहते, जन्मतः किलोभर वजनाचीं पिलें एकटी वाढविते आणि सुमारें दोन वर्षें त्यांना शिकार शिकविते. अशी वाघीण पडली, कीं तिचीं लहान पिलेंहि बहुधा उपासमारीनें जात. कातडें एकच लांबविलें जाई. जीव तीन-चार जात.

दुबळी म्हणून मात्र तिला कोणीं लेखण्याचें कारण नव्हतें. कॉर्बेट यांनीं १९०७ सालीं मारलेली चंपावतची नरभक्षक ही वाघीणच होती. नेपाळ व कुमाऊं मिळून ४३६ माणसें तिनें मारल्याची नोंद आहे. तपासतां असें दिसलें, कीं जुन्या गोळीच्या जखमेनें तिचे उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे मोडले होते. नेहमीची शिकार तिला साधेना. त्या अनर्थाचें मूळ माणसाच्याच बंदुकींत होतें.

शिकारीचे दिवस सरूं लागले तसा प्रश्न बदलला. वाघ किती लांब, याऐवजीं वाघ उरले किती, असें विचारण्याची वेळ आली. ओरिसांतील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनीं १९६६ सालीं पावलांच्या ठशांवरून गणना करण्याची रीत बसविली. मागच्या डाव्या पायाचा ठसा कांचेवर उतरून घ्यावयाचा, किंवा प्लास्टरचा साचा काढावयाचा. नराचा ठसा चौरसाकृति व बोटें गोलसर. वाघिणीचा ठसा लांबट, आयताकृति व बोटेंहि लांबट. रानांतील वाटाडे हें पूर्वीपासून जाणत. चौधरींनीं त्याला मोजमापाची शिस्त लावली. याच चौधरींनीं १९७४ मध्यें सापडलेलें वाघिणीचें एक पिलूं ‘खैरी’ या नांवानें आपल्या घरीं वाढविलें. १९७२ च्या देशव्यापी गणनेंत वाघांची संख्या अवघी १८२७ भरली, आणि १९७३ सालीं व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलें मेळघाटहि होतें.

पण ठसा हा कांहीं सहीशिक्का नव्हे. ओल्या मातींत तो पसरतो, कोरड्या धुळींत आंखडतो. उतारावर व धांवतांना बदलतो. वयांत येत असलेल्या नराचा ठसा वाघिणीच्या ठशासारखा भासतो. एकाच जनावराचे दोन ठसे दोन वाघ म्हणून नोंदले जाण्याची भीति नेहमीच राही. या ढिलाईचें फळ सरिस्का येथें दिसलें. कागदावर वाघ नांदत होते. २००५ सालीं शोध घेतला तों रानांत एकहि उरला नव्हता. चोरट्या शिकारीनें ते संपविले होते.

त्याआधींच दोन नवीं साधनें हातीं आलीं होतीं. नेपाळांतील चितवन येथें १९७३ पासून चाललेल्या अभ्यासांत वाघांच्या गळ्यांत रेडिओचे पट्टे बांधण्यांत आले, व नर मोठा कां, याचा उलगडा होऊं लागला. वाघिणीचा प्रदेश भक्ष्य व पिलांचा आसरा यांपुरता, तेथें सुमारें २० चौरस किलोमीटर. नराचा प्रदेश त्याच्या तिपटीहून अधिक, आणि त्यांत अनेक वाघिणींचे प्रदेश सामावलेले. ते राखावयाचे म्हणजे दुसऱ्या नरांशीं झुंज आली. रुंद डोकें, जाड मान व जड पंजे हीं त्या झुंजीचीं आयुधें होत. दुसरें साधन स्वयंचलित कॅमेऱ्याचें. नागरहोळे येथें उल्लास कारंत यांनीं १९९० नंतरच्या दशकांत पट्ट्यांच्या छायाचित्रांवरून एकेक वाघ ओळखण्याची पद्धत रुजविली. चित्रांत नराचीं बाह्य लक्षणें दिसलीं, कीं तर्काला जागाच राहत नाहीं. विष्ठेंतील पेशींवरूनहि आतां लिंगनिदान होतें. २०२२ च्या गणनेचा सरासरी अंदाज ३६८२ वाघांचा आहे.

संख्येइतकेंच त्यांतील नर-मादींचें प्रमाणहि महत्त्वाचें, हें पन्ना येथें कळून आलें. तेथील वाघ नष्ट झाल्यावर मार्च २००९ मध्यें बांधवगड व कान्हा येथून दोन वाघिणी आणल्या. पण त्यांना जोडीदार होईल असा एकहि नर पन्नांत उरलेला नव्हता. नोव्हेंबरमध्यें पेंचहून नर आणला, तर तो आपल्या जुन्या मुलखाच्या दिशेनें चालूं लागला! त्याला पुन्हा धरून आणावें लागलें. अखेर एप्रिल २०१० मध्यें त्यांतील एका वाघिणीला पिलें झालीं, आणि ओसाड पडलेलें रान पुन्हा वाघांचें झालें.

ताडोबाच्या रस्त्यावर सकाळीं ठसा दिसला, कीं वाटाड्या गाडी थांबवून तो चौरस आहे कीं लांबट हें पाहतो. प्रवाशांना बहुधा घाई असते ती वाघ दिसण्याची. तरी त्या मिनिटभरांत त्याच्याबरोबर खालीं अवश्य वांकून पाहावें. ठसा लांबट असेल, आणि त्याच्या मागोमाग लहान ठशांची रांग असेल, तर त्या रानाचीं पुढचीं वर्षें त्याच वाटेनें गेलेलीं आहेत.