जाळीच्या झाकणाखाली : प्रार्थनाकीटक पाळण्याच्या इतिहासातून एक धडा

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस किड्यांवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काही जणांना वाटलं असेल. शंका रास्त आहे. म्हणून आधी निमित्त सांगतो.

गेल्या पावसाळ्यात माझी नात कढीपत्त्याच्या झाडावरून एक हिरवा किडा घेऊन आली. पुढचे दोन पाय जोडलेले, मान वळवून आपल्याकडे बघणारा. "आबा, हा नाकतोडा पाळायचाय. कसा पाळू?" मी म्हटलं, हा नाकतोडा नव्हे, नाकतोडे खाणारा. हा प्रार्थनाकीटक. आणि पाळायचा कसा म्हणशील, तर मला विचारू नकोस. मी आठ वर्षांचा असताना असाच एक पाळला होता आणि तो मेला होता.

काचेची लोणच्याची बरणी होती. झाकणाला खिळ्याने भोकं पाडली होती, आत रोज माशी टाकत होतो. एके सकाळी बघतो तर तो तळाशी वाकडातिकडा पडलेला, अर्धा जुन्या कातडीत, अर्धा बाहेर. रोग झाला असं मला घरात सांगितलं गेलं आणि मीही ते मानलं. तो रोगाने मेला नव्हता, बरणीने मेला होता, हे कळायला मला पुढे साठ वर्षं लागली. आजचा विषय तोच आहे : पाळणारा जे बघतो, त्यात प्राण्याचं किती असतं आणि बरणीचं किती?

या कथेत एक तत्त्वज्ञ आहे, हे माझं भाग्य. जॉन स्टुअर्ट मिल. मिलची पत्नी हॅरिएट 1858 साली दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्यों गावी वारली. तिच्या थडग्याजवळ राहता यावं म्हणून मिलने तिथेच घर घेतलं. त्या गावात एक गरीब शिक्षक होता, ज्याँ-आंरी फाब्र. दोघांनाही वनस्पतींचा नाद, त्यामुळे रानात बरोबर हिंडणं होई. फाब्र संध्याकाळी सर्वांसाठी खुली व्याख्यानं द्यायचा. त्यात त्याने मुलींसमोर फुलांचं परागण समजावून सांगितलं आणि गावातली सोवळी मंडळी खवळली. 1870 च्या सुमारास नोकरी गेली, घरमालकिणींनी घरही सोडायला लावलं. पदरात मुलंबाळं, हातात पैसा नाही. तेव्हा मिलने कोणतंही तारण न घेता त्याला 3,000 फ्रँक उसने दिले.

पुढे 1879 मध्ये फाब्रने सेरीन्याँ गावाबाहेर एक दगडाळ, पडीक जमीन घेतली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती कुचकामी होती, याच्या दृष्टीने स्वर्ग. तिथे त्याने किड्यांवर दहा खंड पुरे केले. प्रार्थनाकीटकाची प्रकरणं पाचव्या खंडात आहेत, तो 1897 चा.

त्याने हे किडे ठेवले कशात? तर स्वयंपाकघरात माशा बसू नयेत म्हणून अन्नावर जे तारेच्या जाळीचं घुमटासारखं झाकण ठेवतात ना, त्यात. खाली वाळू भरलेलं पसरट भांडं, त्यात वाळलेल्या रानटी झुडपाचा एक झुबका आणि अंडी घालायला एक चपटा दगड. एवढाच संसार. उन्हात मांडलेला. भक्ष्य आणायला गावातली दोन-तीन रिकामी पोरं लावलेली, मजुरी म्हणून पाव आणि खरबुजाची फोड. पोरं नाकतोडे पकडून आणायची, आणि खास शिकार हवी असली की म्हातारा स्वतः जाळं घेऊन निघायचा.

त्या झाकणाखाली फाब्रने जे पाहिलं त्याने जगाची झोप उडाली. मादी नराला खाते. कधी मीलनानंतर, कधी मीलन चालू असतानाच. एका मादीने दोन आठवड्यांत सात नर संपवले. त्याच्या आधीही अशा नोंदी होत्याच. पण फाब्रची लेखणी अशी की कीटकशास्त्राशी संबंध नसलेल्या माणसांनीही ते वाचलं. प्रार्थनाकीटकाची मादी म्हणजे नवऱ्याला खाणारी बाई, ही प्रतिमा तिथून साहित्यात, चित्रांत, विनोदांत गेली ती आजतागायत.

याच काळातली दुसरी नोंद ऐका. 1886 साली 'सायन्स' या अमेरिकी नियतकालिकात एल. ओ. हॉवर्ड या कीटकशास्त्रज्ञाचं छोटं टिपण आलं. त्याच्या एका मित्राने प्रार्थनाकीटकाची एकटी मादी पाळली होती. हौस म्हणून, घरी. हॉवर्डने तिच्यासाठी एक नर नेला आणि दोघांना एकाच बरणीत ठेवलं. नर घाबरून पळू लागला. पळणार कुठे? काही मिनिटांत मादीने त्याला पकडलं, आधी पुढचा पाय खाल्ला, मग डोळा. मी हे वाचलं तेव्हा 'बरणी' या शब्दापाशीच थांबलो. बरं का, टिपणाचं शीर्षक मादीच्या अतोनात खादाडपणाबद्दल आहे. बरणीबद्दल नाही.

फाब्र मात्र हॉवर्डपेक्षा सावध होता, हे त्याच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. मोकळ्या झुडपात नराला पळून जाता येत असेल, हा विचार त्याने स्वतःच मांडला आहे. पण पुढे तो काय म्हणतो? झुडपात बघणं योगायोगावर अवलंबून, तेव्हा मला पिंजऱ्यावरच विसंबलं पाहिजे. माझ्या किड्यांना ऊन आहे, भरपूर अन्न आहे, ऐसपैस जागा आहे. म्हणजे ते इथे जे करतात तेच बाहेरही करत असणार.

हे 'म्हणजे' तपासून बघा. मिलच्या 1843 च्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात एक पद्धत आहे, आपण वर्गात तिला व्यतिरेक पद्धती म्हणायचो. दोन प्रसंग घ्या, सगळ्या बाबतींत सारखे, फक्त एका बाबतीत वेगळे. परिणामात फरक पडला तर कारण तिथे शोधा. फाब्रकडे पिंजरा होता, पण पिंजऱ्याशी ताडून बघायला दुसरा प्रसंगच नव्हता. मिलबरोबर रानात हिंडलेल्या माणसाने मिलची एवढी एक पायरी गाळली. मी हे त्याला नावं ठेवायला सांगत नाही. तीच पायरी आपण रोज गाळतो. ऑफिसातल्या माणसाला ऑफिसात बघतो, सुनेला सासरी बघतो, विद्यार्थ्याला परीक्षेत बघतो, आणि म्हणतो, हा त्यांचा स्वभाव.

ती पायरी पुढच्यांनी भरून काढली. 1980 च्या दशकात लिस्के आणि डेव्हिस या दोघांनी चिनी जातीच्या प्रार्थनाकीटकांची मीलनं व्हिडिओवर टिपली. माद्यांना आधी पोटभर खाऊ घातलं आणि माणूस समोरून दूर ठेवला. काय दिसलं? नराचं सावकाश, सावधपणे येणं, प्रणयाच्या ठरावीक हालचाली, आणि कोणी कोणाला खाल्लं नाही. वाटलं, सुटली बिचारी! पण थांबा. नंतर लोकांनी रानात जाऊन पाहिलं, तर तिथेही काही माद्या नराला खातात. सगळ्या नव्हे, काही. भुकेली असली तर जास्त. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असंही दिसलं की खाल्लेल्या नराच्या शरीरातला अंश अंड्यांपर्यंत पोचतो आणि अशी मादी अंडीही जास्त घालते.

म्हणजे फाब्र खोटा ठरला का? नाही. त्याने पाहिलं ते खरंच होतं. 'कधी कधी' घडणाऱ्या गोष्टीला पिंजऱ्याने 'नेहमी' करून दाखवलं, एवढंच.

आता नातीच्या प्रश्नाकडे येतो : सुरुवात कशी करावी? मी जे सांगेन तो या इतिहासाचाच निष्कर्ष आहे.

पहिली गोष्ट, उंची. हा किडा उलटा लटकून कात टाकतो. जन्मल्यापासून पंख येईपर्यंत साधारण सहा ते नऊ वेळा. जुन्या कातडीतून खाली सरकायला त्याला जागा लागते. म्हणून घराची उंची त्याच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी, आणि छताला पाय रोवायला जाळी हवी. काचेवर पकड मिळत नाही. फाब्रचं जाळीचं झाकण म्हणूनच उत्तम होतं, आणि माझी बरणी म्हणूनच फासाची कोठडी.

दुसरी, एका घरात एकच.

तिसरी, जिवंत भक्ष्य, त्याला पेलेल एवढंच. पिल्लाला चिलटं पुरतात. पिकलेलं केळं ठेवा, ती आपोआप येतात. मोठ्याला माशा, पतंग, छोटे नाकतोडे. औषध फवारलेल्या बागेतले किडे देऊ नका.

चौथी, पाणी. दिवसातून एकदा जाळीवर बारीक फवारा, थेंब तो स्वतः पिईल.

पाचवी सर्वांत अवघड, ती म्हणजे हात न लावणं. खाणं सोडून तो छताला लटकून राहिला तर आजारी समजू नका. तो कात टाकायच्या बेतात आहे. आतलं भक्ष्य काढून घ्या, कारण कोवळ्या अंगाला नाकतोडासुद्धा चावू शकतो. डबा हलवू नका. कात टाकल्यावर अंग टणक व्हायला एखादा दिवस द्या, मग खायला घाला.

आणि आयुष्य फार तर वर्षभराचं. हे मुलांना आधीच सांगा.

नातीने जेवण झाकायची जुनी जाळी मागून घेतली. एकदा तो किडा दोन दिवस खाईना. ती रडकुंडीला आली. "आबा, आजारी आहे का?" मी म्हटलं, बरणीत असता तर मी हो म्हणालो असतो. थांबू या. दुसऱ्या दिवशी पहाटे छताला रिकामी, पारदर्शक कात लटकलेली होती आणि शेजारी तो, फिकट हिरवा, अख्खा. मला माझी बरणी आठवली. त्याला कोणताही रोग नव्हता, मित्रहो. त्याला फक्त वीतभर जागा हवी होती.

पाळलेल्या जिवाबद्दल काही ठाम बोलण्याआधी आपण त्याला कशात ठेवलंय ते एकदा बघावं, एवढंच सांगायचं होतं.